आधी तपास, मग खर्च

(डिझेल इंजिन नीट चालेनासे झाले की पुष्कळ लोक पंपाला दोष देतात. तो दोष खरा आहे की नाही, हे कसे ओळखावे, ते या पाठात सांगितले आहे.)

खापा हे नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातील कन्हान नदीकाठचे गाव. आसपास कापसाची शेते आणि संत्र्यांच्या बागा आहेत. मे महिन्यात आंबिया बहाराची लहान लहान फळे झाडांवर असतात. या दिवसांत पाण्यात खंड पडला, तर फळे गळू लागतात. वीज गेली की शेतकऱ्याला जुन्या डिझेल इंजिनाची आठवण होते.

समजा, असे एक इंजिन सकाळी सुरू झाले. दुपारी डिझेल भरण्यासाठी ते थांबवले, तर पुन्हा सुरूच होईना. एक जण म्हणाला, “पंप गेला, नवा आणा.” दुसरा म्हणाला, “भाऊ, आधी तपासून घ्या.” कोणाचे ऐकावे?

त्यासाठी पंपाचे काम समजून घेऊ. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा जोराने दाबली जाते. त्यामुळे ती 500 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापते. तिच्यात डिझेलचे बारीक तुषार सोडले की ते आपोआप पेटतात. हे तुषार नोझलमधून उडतात. त्यासाठी लागणारा दाब पंप निर्माण करतो. लहान इंजिनात हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 200 किलो असतो. मिनिटाला 1500 फेरे घेणाऱ्या चार स्ट्रोकच्या इंजिनात एका सिलिंडरचा पंप मिनिटाला 750 वेळा डिझेल ढकलतो!

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन 1897 साली यशस्वी झाले. त्यात डिझेल आत सोडण्यासाठी दाबलेली हवा वापरावी लागे. पुढे 1927 साली बॉश कंपनीने इंजेक्शन पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. आपल्या महाराष्ट्रात नाशिकच्या बॉश कारखान्यात नोझल तयार होतात. या कंपनीचे जुने नाव ‘मायको’ होते.

पंपाच्या आत बॅरल नावाची नळी असते. तिच्यात प्लंजर नावाचा दांडा वरखाली होतो. या जोडीला मिस्त्री ‘एलिमेंट’ म्हणतात. दोघांमधली फट एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-चार पटच असते. आपला केस अशा हजाराव्या भागाच्या सुमारे 70 पट जाड असतो. डिझेलमधून धूळ किंवा पाणी आत गेले, तर या गुळगुळीत भागांवर चरे पडतात. मग फटीतून डिझेल मागे गळते आणि दाब कमी होतो. गरम झाल्यावर डिझेल पातळ होते व जास्त गळते. म्हणून थंड असताना सुरू होणारे इंजिन गरम झाल्यावर सुरू होत नसेल, तर पंप झिजल्याचा संशय घ्यावा.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. टाकीत डिझेल आहे का? फिल्टर तुंबला आहे का? नळीत हवा धरली आहे का? नंतर मिस्त्रीकडून नोझल तपासून घ्यावे. नोझल खराब असले तरी इंजिन धूर सोडते आणि त्याची ताकद कमी होते. हे सर्व ठीक असेल, तरच पंप खोलावा.

पंपाची खरी परीक्षा टेस्ट बेंचवर होते. तेथे पंप ठरावीक वेगाने फिरवतात व प्रत्येक नळीतून आलेले डिझेल मापाच्या नळ्यांत मोजतात. ट्रॅक्टरच्या तीन सिलिंडरच्या पंपासाठी ही परीक्षा आवश्यकच आहे. कारण तिन्ही सिलिंडरांना सारखे डिझेल मिळायला हवे. एका सिलिंडरच्या इंजिनात एकच एलिमेंट असते. ते झिजले असेल, तर बहुधा तेवढेच बदलून काम भागते. मात्र प्लंजर आणि बॅरल ही जोडी एकत्रच बदलावी. पंपाचे अंगच झिजले असेल किंवा दुरुस्तीचा खर्च नव्या पंपाच्या जवळ जात असेल, तर नवा पंप घेणे शहाणपणाचे ठरते.

एक गोष्ट कधीही विसरू नका. उडणाऱ्या नोझलसमोर हात धरू नये. ते तुषार कातडी भेदून आत शिरतात. जखम लहान दिसली तरी ताबडतोब दवाखान्यात जावे.

आणि पंप नवा असो की दुरुस्त केलेला, डिझेल गाळून भरले नाही व फिल्टर वेळेवर बदलला नाही, तर तोही लवकरच झिजेल. रोगाचे कारण तसेच ठेवून औषध बदलल्याने काय उपयोग?

शब्दार्थ
खंड पडणे – मध्येच बंद होणे
तुषार – अगदी बारीक थेंब
चरे – ओरखडे
तुंबणे – कचऱ्याने अडणे

स्वाध्याय
1. डिझेल इंजिनात ठिणगीशिवाय डिझेल कसे पेटते?
2. गरम झाल्यावर इंजिन सुरू न होण्याचे कारण लिहा.
3. नवा पंप केव्हा घ्यावा?
4. उर्दूतही वापरले जाणारे चार शब्द या पाठातून शोधा.