घोड्याचे पाय आणि घोड्याचा लगाम : ताओवादातील नैसर्गिकता

ताओवाद म्हटला की धुक्यात बुडालेले डोंगर, धबधब्याकाठची झोपडी आणि जगाकडे पाठ फिरवून बसलेला वृद्ध साधू असे चित्र पुष्कळांच्या मनात उभे राहते, आणि या परंपरेतील निसर्ग म्हणजे रानावनाची ओढ असा समज होतो. चिनी चित्रकलेने हा समज पोसला हे खरे. पण ज्या प्राचीन ग्रंथांवर ताओवादी विचार उभा आहे, त्यांत येणारी ‘त्झू-रान’ ही संज्ञा झाडे, नद्या आणि पशुपक्षी यांच्या समूहासाठी वापरलेली नाही. एखादी गोष्ट बाहेरच्या कोणाच्या हुकुमावाचून, आपसूक, जशी असते आणि जशी घडते, त्या तिच्या असण्याला त्झू-रान म्हणतात. ‘सृष्टी’ या अर्थाने हा शब्द चीनमध्ये रुळला तो आधुनिक काळात.

लाओ-त्झूच्या नावावर असलेला ‘ताओ ते चिंग’ हा ग्रंथ सुमारे पाच हजार चिनी अक्षरांचा असून 81 छोट्या प्रकरणांत विभागलेला आहे, आणि 1993 मध्ये हूपेई प्रांतातील क्वोत्येन येथे एका थडग्यात सापडलेल्या बांबूच्या पट्ट्यांवरून त्यातील बराच मजकूर इसवी सनपूर्व 300 च्या सुमारास लिखित रूपात प्रचलित होता असे दिसते. एवढ्या ग्रंथात त्झू-रान अवघ्या पाच ठिकाणी येते. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध उल्लेख 25व्या प्रकरणात आहे : माणूस पृथ्वीच्या रीतीने चालतो, पृथ्वी आकाशाच्या, आकाश ताओच्या, म्हणजे सर्व घडामोडींच्या मुळाशी असलेल्या वाटेच्या रीतीने, आणि ताओ मात्र स्वतःच्या आपसूकपणाने, अशी चढती उतरंड तेथे मांडली आहे. ताओच्याही वर निसर्ग नावाची आणखी एक सत्ता आहे असा याचा अर्थ लावणे चुकीचे ठरेल. ताओला अनुसरण्यासाठी स्वतःबाहेरचे काहीच उरत नाही, एवढेच तेथे अभिप्रेत असावे.

हा विचार प्रथमतः राजांना उद्देशून होता, ही बाब सामान्य विवेचनात बहुधा निसटते. चीनमधील राज्ये एकमेकांशी सतत लढत असताना, आणि कायदे, कर व सक्तीची सैन्यभरती यांचा फास प्रजेभोवती आवळत असताना, 17व्या प्रकरणात उत्तम राज्यकर्ता तो ठरवला आहे ज्याचे अस्तित्व लोकांना जेमतेम जाणवते आणि ज्याच्या कारकिर्दीत झालेले काम लोकांना आपले आपणच झालेले वाटते. ‘वू-वेई’ ही दुसरी संज्ञा येथे जोडून येते. तिचा शब्दशः अर्थ ‘न करणे’ असला तरी ती हातावर हात ठेवून बसण्याची शिकवण नव्हे. वस्तूच्या वा माणसाच्या कलाविरुद्ध जोर न लावणे हा तिचा आशय आहे.

कल ओळखण्यासाठी काय करावे लागते, याचे उत्तर ‘च्वांग-त्झू’ या दुसऱ्या मोठ्या ग्रंथातील तिंग नावाच्या बल्लवाच्या कथेत मिळते. एका राजासमोर तो बैल कापतो, आणि सुरीचा आवाज नृत्याच्या ठेक्यासारखा येतो. सुरुवातीला त्याला समोर अख्खा बैल दिसत असे. तीन वर्षांनी तसे दिसणे थांबले, आणि आता तो डोळ्यांवर विसंबून न राहता सांध्यांमधल्या मोकळ्या जागांतून पाते फिरवतो. सामान्य बल्लव दर महिन्याला आणि चांगला बल्लव दर वर्षाला सुरी बदलतो, पण त्याची सुरी 19 वर्षे जुनी असून हजारो बैल कापूनही नुकतीच धार लावल्यासारखी आहे. तरीही गुंतागुंतीचा सांधा आला की तो थबकतो, नजर एकाग्र करतो आणि पाते अगदी हळू हलवतो. नैसर्गिकता म्हणजे मनाला येईल ते करण्याची मोकळीक, असे मानणाऱ्यांनी या थबकण्याकडे अवश्य लक्ष द्यावे. येथील सहजता वर्षानुवर्षांच्या सरावातून आलेली आहे, आणि त्या सरावाचे ठिकाणही रान नसून राजाचे स्वयंपाकघर आहे, हे काहीसे गमतीचेच.

मात्र याच ग्रंथात, 17व्या प्रकरणात, बैलाघोड्यांचे चार पाय हे निसर्गाचे आणि घोड्याच्या तोंडाचा लगाम व बैलाच्या नाकातली वेसण हे माणसाचे, अशी स्पष्ट रेघ ओढली आहे. माणसाने घातलेल्या बंधनांना विरोध करणाऱ्यांना ती सोयीची होती. तिसऱ्या शतकातील कवी व वीणावादक शी कांग याने प्रतिष्ठेचे नीतिनियम ओलांडून आपसूक स्वभावाने जगण्याचा आग्रह धरला, आणि सत्ताधाऱ्यांच्या रोषाला बळी पडून त्याला मृत्युदंड भोगावा लागला. त्यानंतरचा भाष्यकार क्वो श्यांग (मृत्यू इसवी सन 312) याने नेमके उलटे प्रतिपादन केले : बैलघोडे वेसण आणि लगाम नाकारत नाहीत, त्यामुळे माणसाकडून वापरले जाणे हाही त्यांच्या स्वभावाचाच भाग होय. या युक्तिवादाने दरबारी नोकरी आणि समाजातील उच्चनीचता हीसुद्धा नैसर्गिक ठरते, आणि सत्तेला बेचैन करणारी कल्पना तिच्या सोयीची होऊन बसते. आज ‘च्वांग-त्झू’ ज्या 33 प्रकरणांच्या रूपात वाचला जातो, ते रूप मात्र क्वो श्यांगनेच सिद्ध केलेले आहे.