मॉरिशसच्या ताटात मूळचं काय?

मॉरिशसहून परतलेला मराठी माणूस एक गोष्ट हमखास सांगतो: ‘तिथे रस्त्यावर आपली पुरणपोळी मिळते, फक्त गोड नसते.’ तो बोलत असतो डाळपुरीबद्दल. दिसायला आहेही पोळीच. मऊ, पिवळसर, कागदात गुंडाळून जोडीनं हातात दिलेली. पण तिचं माहेर कोकणात नाही, भोजपुरी मुलखात आहे.

नाव पुरी असलं तरी तिला तळत नाहीत, तव्यावर भाजतात. पिवळी डाळ हळद घालून बोटचेपी शिजवायची, पाणी निथळून कोरडी वाटायची आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड मिसळून मैद्याच्या गोळ्यात भरायची. निथळलेलं पाणी आपल्याकडे कटाच्या आमटीला जातं. तिथे त्यातच मैदा भिजवतात. वर मोठ्या दाण्यांच्या शेंगभाजीचा रस्सा, टोमॅटोचं ‘रुगाय’, लोणचं आणि हिरवी मिरची. पोळीशी साम्य इथे संपतं.

भोजपुरीच का, याचं उत्तर बंदरांत आहे. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलस’ जहाजातून 36 मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढच्या वर्षी गुलामी कायद्यानं संपली आणि ऊसमळ्यांना माणसं हवी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, आले. बहुतेक कलकत्त्याहून, म्हणजे बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले; मद्रास आणि मुंबईहून त्यामानानं थोडे.

यावरून दुसरी समजूत होते की, बेटावरचं भारतीय जेवण याच मजुरांनी आणलं. पण फ्रेंच अमलात, अठराव्या शतकातच, पाँडिचेरीकडून कारागीर आले होते, गुलामही आणले होते. शिवाय गिरमिटियाच्या हाती मळ्याचा शिधा पडायचा, तो मुख्यतः तांदूळ आणि डाळ. त्यात बेटावर मिळेल ते घालून जे शिजलं, त्याला ‘आणलेलं’ म्हणण्यापेक्षा ‘जमवलेलं’ म्हणणं मला जास्त खरं वाटतं.

मग बेटाचं अगदी मूळचं, आदिवासींचं जेवण कुठलं? असं काही नाहीच. 1638 मध्ये डच वस्ती करायला आले तेव्हा इथे माणूसच राहत नव्हता. डोडो होता, तो त्याच शतकात संपला. ऊस आणि हरणं डचांनी 1639 मध्ये जावाहून आणली. हरणाच्या मटणाची करी आज खास मॉरिशियन म्हणून वाढतात, आणि ती खास आहेही. फक्त हरीण पाहुणं आहे. डच 1710 मध्ये निघून गेले, 1715 मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला. 1735 ला आलेल्या लाबुर्दोने या गव्हर्नरानं ब्राझीलचा कसावा, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, इथे लावला. हेतू गुलामांची पोटं स्वस्तात भरण्याचा. मादागास्कर आणि मोझांबिकहून पकडून आणलेल्या त्या माणसांनी हे बेट शेतीला लावलं, पण जेवणाच्या श्रेयात त्यांचं नाव फारसं निघत नाही. क्रिओल स्वयंपाकाचं सगळं देणं फ्रेंचांना देऊन टाकायची सवय मला म्हणूनच खटकते.

नावं तर आणखी फसवतात. ‘गातो पिमा’ म्हणजे शब्दशः मिरचीचा केक, पण कढईतून निघतो तो डाळवडा, दक्षिणेकडच्या परिप्पु वड्याचा सख्खा भाऊ. सकाळी लोणी लावलेल्या पावात घालून खातात; मुंबईकराला याचं नवल वाटायचं कारण नाही.

‘विंदाय’चा प्रवास त्याहून मोठा. पोर्तुगिजांचं लसूण आणि वाइन-व्हिनेगरमध्ये मुरवलेलं मांस गोव्यात विंदालू झालं. त्यातला ‘आलू’ बटाट्याचा नव्हे. तो शब्द पोर्तुगीज लसणाचा. मॉरिशसमध्ये त्याच कुळातला विंदाय बहुधा माशाचा किंवा ऑक्टोपसचा करतात. तळलेले तुकडे मोहरी, हळद, लसूण आणि व्हिनेगरमध्ये मुरवायचे. मोहरीमुळे चव गोव्याच्या विंदालूपेक्षा लोणच्याकडे झुकते.

चिनी व्यापाऱ्यांमागून आलेल्या नूडल्स तर आता सगळ्यांच्याच.

आणि मराठी माणूस? तोही त्या जहाजांत होता. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. आपलं काही शोधायचंच असेल तर डाळपुरीच्या गाडीपाशी थांबू नये. त्या दिवशी एखाद्या मराठी घरी जावं. तिथे मोदक असतात.