घरचा गूळ आणि बाजारचा गूळ

आपल्या मालावर आपलाच विश्वास नसेल तर तो दुसऱ्याच्या गळीं उतरविणें कठीण, हें तत्त्व व्यापाऱ्यास शिकवावें लागत नाहीं. आम्हां शेतकऱ्यांस मात्र तें फार उशिरा कळतें. माल अडत्याच्या हवालीं केला आणि पट्टी हातीं आली, कीं आपलें काम संपलें, अशी आपली समजूत असते. आमचीही समजूत हीच होती.

महसूल खात्यांत आमचें उभें आयुष्य दुसऱ्यांच्या जमिनींचे उतारे लिहिण्यांत गेलें. सेवानिवृत्तीनंतर वडिलार्जित ऊंस आम्ही स्वतः पाहूं लागलों. पहिल्याच वर्षीं गुऱ्हाळावर गुळव्यानें विचारलें, "भाऊसाहेब, घरचं आधण निराळं काढायचं न्हवं?" आम्हीं होकार दिला. घरच्या आधणांत भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी काढली. गूळ तांबूस निघाला. बाजारच्या आधणांत हायड्रॉस पडलें आणि ढेप पिवळीधमक झाली. हें गंधकयुक्त रसायन रंग उजळतें, गोडी वाढवीत नाहीं. परंतु पेठेंत पिवळ्या ढेपेस मान अधिक, सबब त्यांत कांहीं गैर आहे असें आम्हांस वाटलें नाहीं.

त्याच हंगामांत आठवड्याच्या बाजारीं कांहीं ढेपा घेऊन आम्ही स्वतः बसलों. एका वृद्ध बाईनें गुळाचा खडा हातीं घेतला आणि सहज विचारलें, "भाऊ, घरी बी ह्योच खाता व्हय?" वरिष्ठांच्या किती तरी प्रश्नांस आम्हीं तत्काळ उत्तरें दिलीं असतील, पण या एका प्रश्नावर आमची जीभ अडखळली. बाईनें खडा खालीं ठेविला आणि ती पुढें गेली.

त्या दिवशीं आम्हांस लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली. 1888 सालीं बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासून आरंभ करणाऱ्या या गृहस्थानें 1903 सालीं लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन विषारी होते, असा त्या वेळीं शेतकऱ्यांचा समज होता. नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं. आपल्या नांगरानें भुई खोल व नीट उलथते, ही खात्री नसती तर इतका काळ धीर धरवला असता काय? पुढें 1910 सालीं औंध संस्थानच्या आश्रयानें ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. ज्या शेतकऱ्यांनीं नांगरास नांवें ठेविलीं, त्यांच्याच वावरांत तो चालूं लागला.

पुढील हंगामीं आम्हीं घरचें व बाजारचें आधण एकच केलें. अडत्यानें तांबूस रंग पाहून भाव पाडला. घरांतूनही चार शब्द ऐकावे लागले. बाजारांत पहिले दोन आठवडे बऱ्याच ढेपा परत आणाव्या लागल्या. परंतु आतां आमच्यापाशीं उत्तर होतें. "आमचीं नातवंडें हाच गूळ खातात," असें सांगून आम्ही खडा पुढें करीत असूं. सांगतांना नजर चुकवावी लागत नसे, आणि गिऱ्हाईक शब्दापेक्षां नजर अधिक वाचतें. तिसऱ्या आठवड्यापासून तींच माणसें परत येऊं लागलीं आणि शेजाऱ्यांसही आणूं लागलीं. सर्व माल अद्याप असा खपत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. मोठा हिस्सा पेठेंतच जातो आणि तेथें रंगापायीं आम्हांस तोटा सोसावा लागतो.

विश्वास म्हणजे हट्ट नव्हे. माल खरोखर वाईट असतां त्याची स्तुति करणें ही फसवणूक होय. म्हणून आधीं माल पारखावा, मग बोलावें. आणि पारखण्यास प्रयोगशाळाच हवी असें नाहीं. आपलें ताट पुरेसें आहे. भाजी असो, द्राक्षें असोत वा धान्य असो, घरच्यासाठीं निराळा वाफा राखणाऱ्यानें आपल्या मालाविषयीं स्वतःच निकाल दिलेला असतो.

यंदाचें चुलवाण पेटण्यापूर्वीं, वाचकहो, त्या वृद्ध बाईचा प्रश्न एकवार स्वतःस विचारून पाहावा, इतकीच विनंति.