महागडे हेडफोन, खेळ आणि कान

नेमबाजीच्या व्हिडिओ गेममध्ये प्रतिस्पर्ध्याची पावले कोणत्या दिशेने येत आहेत, हे वेळीच कळण्यावर अनेकदा जय-पराजय ठरतो. म्हणूनच दर्दी संगीतप्रेमींसाठी बनविलेल्या महागड्या हेडफोनकडे काही खेळाडू वळतात.

डावीकडून आलेला आवाज उजव्या कानापर्यंत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिराने आणि किंचित क्षीण होऊन पोहोचतो. या फरकांवरून मेंदू दिशा ओळखतो. उत्तम हेडफोन हे बारकावे जपतात. 'सेनहायझर एचडी ६००'सारख्या हेडफोनची बाहेरची बाजू जाळीदार, खुली असते. त्यामुळे ध्वनी डोक्यात कोंडल्यासारखा न वाटता भोवतालून आल्याचा भास होतो. मात्र त्याचा विद्युत अवरोध ३०० ओहम असल्याने बहुधा स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर लागतो. सहकाऱ्यांशी बोलण्यासाठी मायक्रोफोनही वेगळा घ्यावा लागतो.

खरी अडचण खोलीतील गोंगाटाची आहे. वैजापूरसारख्या गावात उन्हाळाभर पंखा आणि कूलर चालतात. त्यांची घरघर खुल्या जाळीतून थेट कानात शिरते आणि ती झाकण्यासाठी खेळाडू आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंतच ऐकावा. ९० डेसिबलला ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते.

तेव्हा शांत खोली असेल तरच खुले हेडफोन घ्यावेत. अन्यथा बाहेरचा आवाज अडवणारे बंद कपांचे साधे हेडफोन अधिक हितावह. मोठ्या आवाजाने आतील कानाच्या संवेदी पेशी एकदा नष्ट झाल्या, की त्या पुन्हा निर्माण होत नाहीत.