शेवटचा शब्द कोणाचा?

आचार्य विद्यासागर महाराजांचा 2022 चा चातुर्मास वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनला झाला. 18 फेब्रुवारी 2024 रोजी छत्तीसगडमधल्या डोंगरगडला त्यांनी सल्लेखना घेऊन देह ठेवला. अन्नपाणी सोडून मरणाला सामोरं जाणं आपल्या मुलखाला नवं नाही. 1982 मध्ये विनोबांनीही पवनारला तेच केलं. पण असाध्य आजाराने खिळलेला माणूस ‘आता पुरे’ म्हणाला, तर त्याचं ऐकायचं का, हा प्रश्न चार दशकं कोर्टात घुटमळत राहिला.

सुरुवात मुंबईतली. सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी मिनू मसानींनी 1981 मध्ये संस्था काढली. 1986 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका पोलीस शिपायाच्या खटल्यात, आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं भारतीय दंड संहितेतलं कलम 309 घटनाबाह्य ठरवलं. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मात्र जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही असं सांगून ते कलम कायम ठेवलं.

मग आलं अरुणा शानभाग प्रकरण. 27 नोव्हेंबर 1973 रोजी केईएम रुग्णालयात झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर ही परिचारिका कधीच पूर्ण भानावर आली नाही. तिला या यातनांतून सोडवा, अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी केली. केईएमच्या परिचारिकांनी ठाम विरोध केला. वर्षानुवर्षं त्यांनी तिला भरवलं, कूस बदलली, पाठीला जखम होऊ दिली नाही. 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, पण उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. अरुणा 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने गेली. माया दोन्ही बाजूंना होती. तिला काय हवं होतं, हे विचारण्याची सोय मात्र उरली नव्हती. सगळ्या वादाची गाठ इथेच आहे.

2017 च्या अखेरीस गिरगावातल्या एका वृद्ध दाम्पत्याने राष्ट्रपतींकडे इच्छामरण मागितलं. तशी परवानगी कायद्यात नव्हती, आजही नाही. डॉक्टरने मरणासाठी औषध दिलं तर तो गुन्हाच. 9 मार्च 2018 रोजी घटनापीठाने एवढं मान्य केलं, की शुद्धीत असतानाच माणूस आपली वैद्यकीय इच्छा लिहून ठेवू शकतो. जानेवारी 2023 मध्ये नियम सुटसुटीत झाले: न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते.

तरीही उपचार थांबवायला दोन वैद्यकीय मंडळं लागतात. दोन्ही मिळून किमान सहा डॉक्टर, त्यातले चार तज्ज्ञ, प्रत्येकी किमान 5 वर्षं अनुभवाचे. वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा-रिसोडकडच्या कुटुंबाने हे कुठून जुळवायचं? तिथे निर्णय बहुतेकदा पैसा घेतो. जवळचे पैसे संपले, की रुग्णाला घरी आणतात. ना मंडळ, ना वेदनाशामक मॉर्फिन.

वाशिमला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे. वेदनाशमनाचा कक्ष आणि घरी जाऊन काळजी घेणाऱ्या परिचारिका तिथे आधी हव्यात. डॉक्टरने मरण द्यावं की नाही, हा वाद त्यानंतर प्रामाणिकपणे करता येईल. कारण असह्य कळांनी किंवा बिलाच्या धास्तीने मागितलेलं मरण हा त्या माणसाचा स्वतःचा निर्णय नसतो.