अंबाड्यापर्यंत पोचणारा हात

अंबाडा घालायचा तर दोन्ही हात डोक्यामागे न्यावे लागतात. गव्हात खुरपताना, गाईची धार काढताना, भाकरी थापताना खांदा दिवसभर चालतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कष्टकरी बाईचा संसार या खांद्यावरच उभा असतो. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकदा नेमका तोच आखडतो.

या शस्त्रक्रियेत पुष्कळदा काखेतल्या लसिका ग्रंथीही काढतात. हातातल्या पेशींभोवतीचं जादा पाणी, म्हणजेच लसिका, याच वाटेने परत जातं. वाट तुटली की ते साचतं. आधी बांगडी घट्ट होते, ब्लाउजची बाही काचते, मग हात जड होतो. काखेतल्या ग्रंथी काढलेल्या साधारण पाचांपैकी एकीला ही सूज येते.

रक्ताला हृदयाचा पंप असतो, लसिकेला तसा नाही. स्नायूंची हालचाल आणि दीर्घ श्वास यांची तिला पुढे सरकायला मोठी मदत होते. म्हणून इथे व्यायाम हा महत्त्वाचा उपचार. सुरुवात साधी असते: मूठ उघडा-मिटा, कोपर वाका, खांदे फिरवा. मग भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चढवायची आणि पोचाल तिथे खूण करायची. उद्याची खूण बोटभर वर गेली, तर ती मोठी कमाई. सूज आलीच, तर हलका मसाज, पट्ट्या आणि दाब देणारी बाही यांचा उपयोग होतो. काय, किती आणि कधी, हे मात्र सर्जन आणि फिजिओथेरपिस्टच ठरवतील.

‘हात जपून ठेव, काही उचलू नको,’ असं घरचे मायेने सांगतात. पण 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात सूज असलेल्या 141 स्त्रियांपैकी निम्म्या जणींनी देखरेखीखाली हळूहळू वजनं उचलली. त्यांची सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग घटले. ब्रिटनमध्ये 392 स्त्रियांवरच्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर आठवडा-दहा दिवसांत व्यायाम सुरू केलेल्यांचा हात वर्षभरानंतर अधिक चांगला चालत होता.

हात वाचवण्याची पहिली संधी मात्र शस्त्रक्रियेच्या आधीच असते. गाठ लवकर सापडली, तर पुष्कळदा काखेतल्या मोजक्याच ग्रंथी काढून भागतं आणि सुजेचा धोका बराच कमी होतो. ही गाठ बहुधा दुखत नाही. म्हणूनच ती अंगावर काढली जाते. मुंबईत टाटा मेमोरियलने 1998 पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हातांनी तपासणी केली. त्या गटात रोग लवकरच्या टप्प्यात सापडला.

आपल्या जिल्ह्यात लोणीला प्रवरेचं रुग्णालय आणि फिजिओथेरपी महाविद्यालय शेजारी शेजारी आहेत. गाठ, त्वचेला खळी, बोंडातून रक्त दिसलं, तर सुगी आटोपण्याची वाट पाहू नका. आणि शस्त्रक्रिया झालेली बाई घरात असेल, तर तिच्यासाठी भिंतीवर एक खूण करा. रोज तिच्या शेजारी उभे राहा. हात पुन्हा अंबाड्यापर्यंत पोचेपर्यंत.