पाहुणी धूळ आणि घरची धूळ

सुरतेचे वैभव वाऱ्यांनी वाढविले. अरबस्थानाकडून येणारी शिडाची गलबते वाऱ्याचा हंगाम साधूनच तापीच्या मुखाशी लागत. ती गलबते इतिहासजमा झाली. वारे मात्र अजून वाहतात आणि कधी कधी परमुलखाची माती आपल्या दारी आणून टाकतात.

२२ जानेवारी २०२२ रोजी कराची परिसरात धुळीचे वादळ झाले. तो लोट समुद्रावरून सौराष्ट्रात आला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईवर पसरला. तेथे मोटारींवर पांढुरका थर बसला, दूरच्या इमारती दिसेनाशा झाल्या.

माती एवढा प्रवास करते तरी कशी? वाळवंटात सोसाट्याचा वारा सुटला म्हणजे वाळूचे जाड कण उड्या मारीत पुढे सरकतात आणि आदळताना बारीक माती उधळतात. जाड कण लवकरच खाली बसतात. परंतु मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असलेले कण वर चढून कित्येक दिवस तरंगत राहतात. चार्ल्स डार्विन यांनी १८३२ साली आफ्रिकेच्या पश्चिमेस 'बीगल' जहाजावर पडलेली अशी धूळ गोळा केली होती. सहाराची हीच धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या अरण्याला स्फुरद पुरविते. तेव्हा धूळ ही निव्वळ वैरीण नव्हे.

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातील हायली गुब्बी ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याची राख दुसऱ्याच दिवशी गुजरात-राजस्थानच्या आकाशात आली. काही विमाने रद्द झाली. पण राख फार उंचावरून गेल्याने जमिनीवरील माणसांना तिची फारशी झळ लागली नाही.

अशा पाहुणीची वर्तमानपत्रांत मोठी बातमी होते. घरच्या धुळीची मात्र आपल्याला सवय झालेली असते. पांडेसरा, सचिन येथील कापड रंगविण्याच्या गिरण्यांत वाफेसाठी कोळसा जळतो. त्या धुरातील अतिसूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही लहान असतात. ते नाकात न अडकता थेट फुप्फुसांत उतरतात. खानदेशातून पोटासाठी आलेली आपली कितीतरी कुटुंबे उधना-लिंबायत भागांत राहतात. त्यांची मुले हीच हवा घेऊन शाळेत येतात. दम लागल्याने खेळाच्या तासाला कडेला बसणारे मूल आम्हां शिक्षकांना नवीन नाही. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, अशी ही अवस्था आहे.

व्याह्याचे घोडे आपल्याला परतविता येत नाही. घरचे मात्र आवरता येते. याचा दाखला सुरतेनेच जगाला दिला आहे. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ साली येथे धूलिकणांच्या उत्सर्जनाचा बाजार सुरू केला. या प्रकारचा तो जगातील पहिलाच प्रयोग होय. सुमारे तीनशे कारखान्यांच्या धुराड्यांवर मोजणीची यंत्रे बसली. त्यांपैकी निम्म्या कारखान्यांना या बाजारात घेतले. त्यांनी मिळून किती कण सोडावेत, याची मर्यादा ठरली. जो कमी सोडील त्याने आपला उरलेला परवाना विकावा. जो जास्त सोडील त्याने तो विकत घ्यावा. जुन्याच नियमांखाली राहिलेल्या कारखान्यांपेक्षा या कारखान्यांचे उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटले, असे अभ्यासकांना आढळले.

घरीही थोडे करता येईल. धुळीच्या दिवसांत खिडक्या लावून घ्याव्यात, कोरड्या केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने जमीन पुसावी, दमेकऱ्यांनी बाहेर जाताना चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा वापरावा. कचरा तर कधीच जाळू नये. आकाश धुरकट दिसले की 'वाळवंटातून धूळ आली असेल' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. अशा वेळी आपण एकदा आपल्याच गल्लीकडे आणि जवळच्या धुराड्याकडे पाहावे, एवढीच वाचकांना आमची विनंती आहे.